इंग्लिश मॅनेजर आणि युरोपचा कप: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राहून इंग्लंडच्या फुटबॉल मॅनेजरांवर तावातावाने बोलणारा माणूस दिसला की लोक प्रश्न विचारणारच. भाचा विचारतो, ऑफिसातले विचारतात, तालमीच्या कट्ट्यावर तर बसू देत नाहीत. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मॅनेजर म्हणजे क्लबचा मुख्य कोच, आणि कप म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप: आधी युरोपियन कप, 1992 पासून त्याचंच नाव चॅम्पियन्स लीग. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर खुशाल भांडा.

इंग्लिश मॅनेजर म्हणजे नक्की कोण? फर्ग्युसन त्यात येत नाही?

नाही येत. ॲलेक्स फर्ग्युसन स्कॉटलंडचा. मॅट बझ्बी, बिल शँकली, जॉक स्टीन, केनी डल्ग्लिश, जॉर्ज ग्रॅहम हे सगळे स्कॉटलंडचे. 1968 साली वेम्ब्लीवर बेन्फिकाला 4-1 ने हरवून युरोपियन कप पहिल्यांदा इंग्लंडच्या क्लबकडे आणला तो बझ्बीने, पण त्याच्या गावी जाऊन त्याला 'इंग्लिश' म्हणालात तर चहा मिळणार नाही. कोल्हापूरकराला पुणेकर म्हणून बघा, म्हणजे कळेल.

एक नाव मात्र अडचणीचं आहे. लीड्सला 2001 साली चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलपर्यंत नेणारा डेव्हिड ओलिअरी लंडनमध्ये जन्मला, पण वाढला आणि खेळला आयर्लंडकडून. मी त्याला आयरिश धरतो. भाचा धरत नाही. हा वाद दिवाळीपासून चालू आहे.

मग युरोपियन कप जिंकलेले इंग्लिश मॅनेजर किती?

चार. बॉब पेझली (1977, 1978, 1981), ब्रायन क्लफ (1979, 1980), टोनी बार्टन (1982) आणि जो फेगन (1984). म्हणजे आठ फायनलपैकी सात कप इंग्लंडला आले आणि सातही वेळा बाकावर बसलेला माणूस इंग्लिशच होता. मधलं 1983 तेवढं हॅम्बुर्गने नेलं.

1984 नंतर पुरुषांच्या या स्पर्धेत एकाही इंग्लिश मॅनेजरच्या हाती तो कप आलेला नाही. लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, चेल्सी, मँचेस्टर सिटी या क्लबांनी नंतर जिंकला, पण मॅनेजर स्कॉटिश, स्पॅनिश, इटालियन, जर्मन.

पेझली मोठा की क्लफ?

कट्ट्यावर सगळ्यात जास्त चहा या प्रश्नावर संपतो.

पेझलीचं आधी सांगतो, कारण त्याच्यावर अन्याय होतो. डरहॅम भागातल्या खाणकामगारांच्या वस्तीतला हा माणूस 1939 साली लिव्हरपूलमध्ये आला तो आयुष्यभर तिथेच राहिला. आधी खेळाडू, मग खेळाडूंचे पाय चोळणारा, मग कोच, मग मॅनेजर शँकलीचा उजवा हात. दुखापत ओळखण्यात त्याचा हात कोणी धरत नसे; खेळाडू कसा चालतो हे बघून तो कुठला स्नायू धरलाय ते सांगायचा. 1974 ला शँकलीने अचानक राजीनामा दिला आणि ही खुर्ची नको नको म्हणणाऱ्या पेझलीला तिच्यावर बसवलं. नऊ मोसमांत इंग्लंडच्या सहा लीग आणि तीन युरोपियन कप. मॅनेजर म्हणून तीन कपांचा तो विक्रम 33 वर्षं त्याच्या एकट्याच्या नावावर होता. 2014 ला इटालियन मॅनेजर अँचेलोटीने बरोबरी केली आणि पुढे 5 पर्यंत नेला.

25 मे 1977 ची रोममधली फायनल जमली तर जुन्या चित्रफितीत बघा. समोर बोरुसिया मोंचेनग्लाडबाख. स्कोअर 1-1 असताना कॉर्नरवर टॉमी स्मिथने डोकं घातलं, मग फिल नीलची पेनल्टी, 3-1. बाहेरच्या देशात, बाहेरच्या मैदानावर, लिव्हरपूलचा पहिला युरोपियन कप. पेझली याआधी रोममध्ये आला होता तो दुसऱ्या महायुद्धात, सैनिक म्हणून.

आणि 'बूट रूम'. ॲनफील्डवर ड्रेसिंग रूमच्या बोळात बुटं ठेवायची एक खोली होती. पेझली, फेगन, रूबेन बेनेट, रॉनी मोरन तिथे बिअरच्या क्रेटवर बसून मॅचची चिरफाड करायचे. पाहुण्या संघाच्या मॅनेजरला बोलावून एक पेला पाजायचे आणि बोलता बोलता त्याच्या खेळाडूंची सगळी माहिती काढून घ्यायचे. आपल्या तालमीतल्या वस्तादाची जी जागा असते तीच ही जागा. पुढे 1990 च्या दशकात ती पाडली आणि तिथे काय केलं, तर पत्रकारांची खोली.

आता क्लफ. त्याने मोठा क्लब चालवला नाही, तर नसलेला क्लब मोठा केला. 1975 च्या जानेवारीत तो नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये आला तेव्हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये धडपडत होता. त्याच्या आदल्या वर्षीच लीड्सने त्याला 44 दिवसांत घरी पाठवलं होतं. 1977 ला फॉरेस्ट कसंबसं तिसरं येऊन वर चढलं. 1978 ला लीग जिंकली. 1979 ला युरोपियन कप. 1980 ला पुन्हा. आजही फॉरेस्टकडे इंग्लंडची लीग एकदा आणि युरोपियन कप दोनदा आहे. घरच्या गल्लीत एकदाच पहिला आणि पंचक्रोशीत दोनदा.

संघ बघा कसा जमवला होता. गॅरी बर्टल्स गालिचे बसवायचं काम करत लहानशा क्लबात खेळायचा. डाव्या विंगवरचा जॉन रॉबर्टसन जाडसर, गबाळा, सिगारेट ओढणारा. त्याला विकायचंच ठरलं होतं. त्याच रॉबर्टसनने 1979 च्या म्युनिकमधल्या फायनलला क्रॉस टाकला आणि 1980 ला माद्रिदमध्ये गोल मारला. 1979 चा तो क्रॉस ज्याने डोक्याने आत घातला तो ट्रेव्हर फ्रान्सिस, ब्रिटनचा पहिला दहा लाख पौंडांचा खेळाडू. नियमामुळे त्याला आधीचे सामने खेळता आले नव्हते, म्हणजे युरोपियन कपमधली त्याची पहिलीच मॅच ही फायनल. आणि त्याला करारबद्ध केल्याचं जाहीर करायला क्लफ आला तो लाल ट्रॅकसूटमध्ये, हातात स्क्वॉशची रॅकेट. त्याला खेळायला उशीर होत होता.

पीटर टेलरचं नाव घेतल्याशिवाय क्लफवर बोलू नये. खेळाडू हेरायचा टेलर, त्यांना घडवायचा क्लफ. दोघं वेगळे झाल्यावर क्लफला तो कप परत दिसला नाही.

तर मोठा कोण? कपाट उघडलं तर पेझली. पण मला कोणी एका मोसमासाठी मॅनेजर निवडायला सांगितला, संघ फाटका आणि खिसा रिकामा असेल, तर मी क्लफकडे जाईन आणि टेलरला सोबत घेऊन ये म्हणेन.

टोनी बार्टन कोण? हे नाव तर ऐकलंच नव्हतं.

कोणीच ऐकलेलं नसतं. ॲस्टन व्हिलाला 1981 ची लीग जिंकून दिली रॉन सॉन्डर्सने, तीही अख्ख्या मोसमात फक्त 14 खेळाडू वापरून. 1982 च्या फेब्रुवारीत सॉन्डर्स बोर्डाशी भांडून निघून गेला आणि क्लबने त्याच्या हाताखालच्या बार्टनला बसवलं. तीन महिन्यांनी, रॉटरडॅममध्ये, समोर रुमेनिगे आणि ब्राइट्नरचं बायर्न म्युनिक.

दहा मिनिटं व्हायच्या आत व्हिलाचा गोलकीपर जिमी रिमर मान धरून बाहेर गेला. आत आला नायजेल स्पिंक, ज्याने तोवर पहिल्या संघाकडून एकच मॅच खेळली होती. बायर्नने धडका मारल्या, स्पिंकने अडवल्या, आणि 67 व्या मिनिटाला पीटर विथच्या पायाला लागून बॉल पोस्टला थडकून आत गेला. 1-0. आणि हा रिमर 1968 ला मँचेस्टर युनायटेडच्या बाकावरही होता. म्हणजे दोन फायनल, दोन मेडल आणि खेळायला मिळालेली मिनिटं दहासुद्धा नाहीत. नशीब असावं तर असं.

बार्टनला 1984 ला काढलं. चेल्सीचं 2012 आठवा: मार्चमध्ये डी माटेओला बसवलं, मेमध्ये कप आला, नोव्हेंबरमध्ये घरी पाठवलं. तीस वर्षांत बदललं काय, तर काढायचा वेग.

आणि फेगन?

बूट रूममधलाच. 62 व्या वर्षी पहिल्यांदा मॅनेजर झाला आणि पहिल्याच मोसमात लीग, लीग कप आणि युरोपियन कप. फायनल रोममध्ये, रोमाच्याच घरी. पेनल्टीवर गेली. लिव्हरपूलचा पहिलाच फटका बारवरून गेला, तरी पुढे गोलकीपर ग्रोबेलार गोललाइनवर पाय लटपटवत नाचला आणि इटलीच्या दोन विश्वविजेत्यांनी, काँटी आणि ग्रॅझियानीने, बॉल बाहेर घालवले. शेवटचा फटका ॲलन केनेडीचा.

पुढच्या वर्षी फेगनची शेवटची मॅच होती हायसेलची.

1984 नंतर असं काय झालं की सगळं थांबलं?

हायसेल झालं. 29 मे 1985, ब्रसेल्सचं हायसेल स्टेडियम, युरोपियन कपची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. मॅचच्या आधी लिव्हरपूलचे प्रेक्षक शेजारच्या भागावर चालून गेले, पळापळीत भिंत कोसळली, 39 माणसं गेली. बहुतेक इटालियन. इंग्लंडच्या क्लबांवर पाच वर्षं बंदी आली, लिव्हरपूलवर सहा.

बंदी योग्य होती, त्यावर माझा वाद नाही. पण त्यात ज्याचा बळी गेला त्याची हळहळ वाटतेच. हॉवर्ड केंडलच्या एव्हर्टनने त्याच मोसमात 90 गुणांनी लीग जिंकली होती आणि युरोपातला दुय्यम कप, कप विनर्स कपही. 1987 ला पुन्हा लीग. युरोपियन कप खेळायला मिळाला नाही तो नाहीच. माझ्या मते तो संघ 1986 चा कप जिंकला असता. हे सिद्ध करता येत नाही, म्हणून तर म्हणायला मजा येते.

बंदी उठेपर्यंत मिलानमध्ये कोच साक्कीने खेळ कुठल्या कुठे नेला होता. इंग्लिश मॅनेजर पाच वर्षं वर्गाबाहेर उभे होते आणि तेवढ्यात अभ्यासक्रम बदलला.

प्रीमियर लीग आजवर एकाही इंग्लिश मॅनेजरने जिंकली नाही, हे खरं?

1992 ला ती सुरू झाली तेव्हापासून 2025 पर्यंत, एकानेही नाही. शेवटचा इंग्लिश विजेता म्हणजे लीड्सचा हॉवर्ड विल्किन्सन, 1992 चाच, जुनी लीग संपता संपता. सगळ्यात जवळ आला केविन कीगन. 1995-96 ला त्याचं न्यूकॅसल जानेवारीत 12 गुणांनी पुढे होतं आणि शेवटी फर्ग्युसनने ओढून नेलं. एप्रिलमध्ये टीव्हीवर कानाला हेडफोन लावून कीगन कसा भडकला ते सगळ्यांनी बघितलंय.

म्हणजे इंग्लिश मॅनेजरांना डोकं नाही, असंच ना?

नाही! हा प्रश्न ऑफिसातला एक जण दर मोसमाला विचारतो आणि दर मोसमाला मी तापतो.

वरची चार नावं परत बघा. पेझली, फेगन आणि बार्टन यांना कोणी जाहिरात देऊन, मुलाखत घेऊन आणलं नव्हतं. ते त्याच घरात होते, वरचा उठला आणि ते बसले. क्लफला फॉरेस्टने तीन-चार वर्षं दिली. हे दोन्ही रस्ते आता बंद आहेत. आज मोठ्या क्लबची खुर्ची रिकामी झाली की मालक विचारतो, बाहेर कोण कप जिंकून बसलाय? तो स्पेनमध्ये असतो, जर्मनीत असतो, पोर्तुगालमध्ये असतो. इंग्लिश माणसाला मिळतो तो खालून चौथा क्लब, नोव्हेंबर महिन्यात, रेलिगेशनपासून, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्यापासून, वाचव म्हणून. वाचवलं तर त्याच्यावर 'वाचवणारा' असा शिक्का बसतो, नाही वाचवलं तर विषयच संपला. मग युरोपचा अनुभव यायचा कुठून? नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगायला नको.

एक चूक मात्र त्यांच्या पदरात घालतो. बरेच जण घर सोडत नाहीत. पोर्तुगीज कोच कुठेही जाऊन भाषा शिकतो.

बाहेर जाऊन कोणी काही केलंच नाही का?

केलं की. टेरी व्हेनेबल्सने 1985 ला बार्सिलोनाला लीग जिंकून दिली. पुढच्या वर्षी सेव्हियात युरोपियन कपची फायनल, समोर स्टेआउआ बुखारेस्ट, 0-0, पेनल्टी. बार्सिलोनाने चार मारल्या आणि डुकाडामने चारही अडवल्या. एक जरी आत गेली असती तरी निदान कथा लांबली असती.

आणि बॉबी रॉबसन. माझ्या मनातला खरा हिरो हाच. इप्सविचसारख्या क्लबाला युरोपातलाच दुसरा एक कप, युएफा कप (1981), मग हॉलंडच्या पीएसव्हीमध्ये दोन लीग, पोर्तुगालच्या पोर्टोमध्ये दोन, 1997 ला बार्सिलोनाकडून कप विनर्स कप. त्याच्या शेजारी उभा राहून भाषांतर करणारा पोरगा म्हणजे पुढचा मोठा मॅनेजर मोरिन्यो. 2002-03 ला, सत्तरी जवळ आलेली असताना, रॉबसनच्या न्यूकॅसलने चॅम्पियन्स लीगच्या गटात पहिल्या तिन्ही मॅच हरल्या आणि उरलेल्या तिन्ही जिंकून पुढची फेरी गाठली. असं आधी कोणी केलं नव्हतं. शेवटची मॅच रॉटरडॅमला, फेयेनूर्दविरुद्ध, 2-2, आणि अगदी शेवटी बेलमीचा गोल. रॉबसनवर टीका करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, उठून जातो.

पूर्वीचा युरोपियन कप अवघड की आताची चॅम्पियन्स लीग?

वेगवेगळ्या रीतीने दोन्ही. पूर्वी फक्त लीग विजेत्यांना आणि गतविजेत्याला प्रवेश, आणि पहिल्या फेरीपासून बाद पद्धत. 1978 च्या पहिल्याच फेरीत फॉरेस्टच्या चिठ्ठीत आलं कोण, तर गतविजेतं लिव्हरपूल. 2-0, 0-0, आणि पेझली सप्टेंबरातच घरी. नऊ मॅचमध्ये कप मिळायचा, पण एक वाईट रात्र आली की संपलं.

आता 36 संघ, आधी प्रत्येकी आठ मॅच, मग प्लेऑफ, मग बाद फेऱ्या. पॅरिसचं पीएसजी 2025 ला 17 मॅच खेळून जिंकलं. वाटेत त्यांनी सिटी, लिव्हरपूल, व्हिला आणि आर्सेनल असे चार इंग्लिश क्लब हरवले. या चार क्लबांचे तेव्हाचे मॅनेजर मोजा: तीन स्पॅनिश, एक डच. इंग्लिश शून्य.

लॅम्पार्ड, पॉटर, हाउ: या इंग्लिश मॅनेजरांत कोणी दम असलेला आहे?

लॅम्पार्डला चेल्सी फार लवकर मिळाली. 2020-21 ला त्याने गटात संघ पहिला आणला, जानेवारीत त्याला काढलं, आणि मेमध्ये त्याच्या जागी आलेल्या टुखेलने तोच संघ घेऊन कप जिंकला. पॉटर चांगला कोच आहे, पण चुकीच्या घरात नांदायला गेला.

हाउवर मात्र माझा जीव आहे. 17 गुण वजा असलेलं बोर्नमथ त्याने चौथ्या पातळीवर तगवलं आणि 2015 ला थेट प्रीमियर लीगमध्ये आणलं. न्यूकॅसलकडून 2023 च्या ऑक्टोबरात पीएसजीला 4-1. गटात शेवटी चौथे आले हे खरं, पण गट बघा: पीएसजी, डॉर्टमुंड, मिलान.

16 मार्च 2025 ची लीग कप फायनल भाच्याबरोबर बघितली. रात्री दहाची मॅच, म्हणजे माणसाच्या वेळेतली. हाफटाइमच्या तोंडावर ट्रिपियरचा कॉर्नर आला आणि सहा फुटांच्या वर गेलेला डॅन बर्न लांबून पळत येऊन असा उडाला की भाच्याच्या हातातली भडंगाची वाटी चटईवर. बर्न तिथलाच पोरगा, लहानपणी त्याच न्यूकॅसलने नको म्हणून सोडलेला. 2-1. क्लबाला 70 वर्षांनी देशातला मोठा कप, आणि 2008 नंतर पहिल्यांदाच इंग्लिश मॅनेजरच्या हातात. भडंग सकाळपर्यंत वेचत होतो.

भारताचा या सगळ्याशी काही संबंध?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. 1979 च्या फायनलला क्लफच्या समोरच्या बाकावर बसलेला माल्मोचा मॅनेजरही इंग्लिशच होता: बॉब हॉटन, वय 31. त्याने आणि रॉय हॉजसनने 1970 च्या दशकात स्वीडनला इंग्लिश पद्धतीचा 4-4-2 (चार मागे, चार मध्ये, दोन पुढे) शिकवला. फायनल गाठलेला माल्मो हा आजवरचा एकमेव स्वीडिश क्लब.

तोच हॉटन 2006 ते 2011 आपल्या राष्ट्रीय संघाचा कोच होता. 2007 आणि 2009 चा नेहरू कप, 2008 चा एएफसी चॅलेंज कप (फायनलला ताजिकिस्तानला 4-1, छेत्रीचे तीन गोल), आणि त्या जोरावर 1984 नंतर पहिल्यांदा आशियाई कप. दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमच्या कडेला उभा असलेला हा गोरा म्हातारा एकेकाळी क्लफला आडवा गेला होता, हे तेव्हा किती जणांना माहीत होतं?

1984 नंतर खरंच एकही इंग्लिश माणूस नाही?

पुरुषांच्या स्पर्धेत नाही. पण 2007 ला आर्सेनलच्या महिला संघाने स्वीडनच्या उमेओला दोन मॅच मिळून 1-0 ने हरवून युरोपचा कप जिंकला, तेव्हा मॅनेजर होता व्हिक एकर्स, पक्का लंडनचा. आणि त्याची दुसरी नोकरी? आर्सेनलच्या पुरुष संघाचे कपडे-बुटं सांभाळणारा किटमॅन. त्या पुरुष संघाचा मॅनेजर वेंगर एवढा मोठा, पण त्याच्या हाती हा कप कधी लागला नाही. 2006 ची फायनल बार्सिलोनाकडे गेली. त्याच्या खेळाडूंच्या जर्सीच्या घड्या घालणाऱ्याने एका वर्षात तो मिळवला.

पेझली पाय चोळायचा, एकर्स जर्सी सांभाळायचा. मालकांनी कधीतरी आपल्याच कपड्यांच्या खोलीत डोकावून बघावं.

मामा, तू झोपतोस कधी?

हा भाच्याचा. उन्हाळ्यात मॅच साडेबाराला, थंडीत दीडला. आवाज बंद, मोबाइल उशीला टेकवलेला, गोल झाला की तोंडात चादर. बुधवारी ऑफिसात मला काही विचारू नका.